४०, ८० आणि १६० मीटर बँडचे व्हर्टिकल अँटेना आणि त्यांची जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम रेडिओचा परवाना हातात आला की पहिले काही महिने बहुतेकांचे टू मीटर बँडवर (बँडचं नाव त्याच्या तरंगलांबीवरून) जातात. मग एखाद्या थंडीच्या रात्री ४० मीटरवर दूर देशीचा मोर्स ऐकू येतो आणि मला निरोप यायला लागतात. विचारलेलं असतं व्हर्टिकलच्या, म्हणजे उभ्या अँटेनाच्या, नळीबद्दल, म्हणजे किती उंच, कुठली, किती रुपयांची. माझं उत्तर मात्र दरवेळी जमिनीकडे वळतं, कारण व्हर्टिकलचा निम्मा अँटेना तिथेच असतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे दोन्हीला जागा आहे. डायपोल लावू की व्हर्टिकल?

डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली आडवी तार. आधी बोलायचं कुणाशी ते ठरवा. सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हॅम मंडळी एकत्र बोलतात तिथे) पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर एवढंच गाठायचं असेल तर आठ-दहा मीटरवर टांगलेला इन्व्हर्टेड व्ही (दोन्ही टोकं खाली उतरवलेला डायपोल) व्हर्टिकलपेक्षा चांगला चालतो. त्याची शक्ती सरळ वर जाते आणि आयनांबरावरून परत खाली, दोन-चारशे किलोमीटरच्या टापूत पसरते. व्हर्टिकल डोक्यावरच्या आकाशात जवळजवळ काहीच टाकत नाही, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातला मित्र म्हणेल, "तुमचा सिग्नल पडला की हो."

दूरचं गाठायचं असेल तर गणित उलटं होतं. डायपोलने कमी कोनात शक्ती टाकावी असं वाटत असेल तर तो निदान अर्ध्या तरंगलांबीइतका उंच हवा, म्हणजे ४० मीटर बँडला सुमारे २० मीटर आणि ८० ला ४० मीटर. एवढी उंची आपल्यापैकी कुणाकडे आहे? व्हर्टिकल जमिनीवर उभा राहूनही कमी कोनात टाकतो. जागा असेल तर दोन्ही लावा आणि मध्ये स्विच ठेवा. आठवडाभर दोन्हींवर ऐकलंत की फरक कानालाच कळतो.

२. पाव तरंगलांबी म्हणजे नेमकी किती उंची?

७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ ला १० मीटर, ३.६ ला १९.८ मीटर, १.८१५ ला ३९.३ मीटर. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार किंवा जाड नळी असेल तर खरी लांबी थोडी कमी भरते. तार नेहमी हातभर जास्त ठेवा आणि मोजून मोजून कापा.

३. "रेडियलशिवाय चालतो" अशी जाहिरात असलेला व्हर्टिकल घ्यावा का?

पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल म्हणजे अर्धा डायपोल. वरच्या अर्ध्यात जेवढा करंट जातो, तेवढाच कुठून तरी परत यावा लागतो. पायापासून चहूबाजूंना तारा, म्हणजेच रेडियल, अंथरल्या असतील तर तो त्यांतून येतो. नसतील तर मातीतून येतो, आणि माती त्याची उष्णता करून टाकते. तिसरी वाट कोएक्सच्या, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंत येणाऱ्या केबलच्या, बाहेरच्या जाळीची. रेडियल नको म्हणणारे बरेच अँटेना गुपचूप हीच वाट वापरतात, मग माईकला ओठ लागला की चटका बसतो आणि घरातले स्पीकर बोलू लागतात.

खरा अपवाद अर्ध्या तरंगलांबीच्या उभ्या तारेचा. तिच्या पायाशी करंट फार कमी असतो, म्हणून तिला थोड्या तारांवर भागतं. पण त्यासाठी ४० मीटर बँडला २० मीटर उंची लागते. कोपऱ्यात नारळ किंवा उंच सागवान असेल तर जरूर करून पाहा.

४. घराचं अर्थिंग नवीन आहे, कोळसा-मीठ घालून केलेलं. व्हर्टिकलची जमीन तिथेच जोडली तर?

सुरक्षेसाठी जोडायचीच आहे, पण त्याने रेडियलचं काम होत नाही. 'अर्थ' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं कोंबतो: शॉक बसू नये, वीज पडली तर तिला वाट मिळावी, आणि रेडिओचा करंट परत यावा. पहिली दोन कामं खड्ड्यातली नळी करते. तिसरं काम अँटेनाभोवतीच्या मातीत, चहूबाजूंना पसरलेलं असतं. तो करंट कित्येक मीटर लांबून, पृष्ठभागाच्या जवळून येतो. एका नळीने तो गोळा करायचा म्हणजे अंगणभर पडलेला पाऊस एका तांब्यात धरायचा. अर्थिंगचा मेगर कितीही चांगला आकडा दाखवो, त्यावरून ७ मेगाहर्ट्झवर काय होतं ते कळत नाही.

घराच्या न्यूट्रलला मात्र काहीही जोडू नका. कधीच नाही.

५. रेडियल किती आणि किती लांब?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. १९३७ साली अमेरिकेत आरसीए या रेडिओ कंपनीचे ब्राउन, लुईस आणि एपस्टीन यांनी जमिनीत ११३ रेडियलपर्यंत पुरून मोजमापं केली. मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांच्या मनोऱ्यांभोवती १२० रेडियल पुरण्याचा प्रघात त्यातूनच पडला. तुम्हाला १२० लागत नाहीत. पण त्या कामातली एक गोष्ट आपल्या खूप उपयोगाची आहे: तार मोजकी असेल तर दोन-चारच लांब रेडियलपेक्षा आखूड पण संख्येने जास्त रेडियल बऱ्या. साधारण असं धरा: १६ रेडियल असतील तर प्रत्येकी तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शापुढे फारसा फायदा नाही, २४ असतील तर आठव्या हिश्शापुढे. साठच्या घरात गेलात तर पाचवा हिस्सा.

आपल्याकडे घरच्या वायरिंगची तार ९० मीटरच्या गुंडाळीत मिळते. एका गुंडाळीतून ५.६ मीटरच्या १६ रेडियल निघतात, ४० मीटर बँडच्या सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे. १ चौरस मिलिमीटरची सर्वांत स्वस्त तार चालते. जाडीने फरक पडत नाही, संख्येने पडतो. जमिनीवरच्या रेडियल ट्यून करायच्या नसतात, त्यामुळे पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. एका बाजूला भिंत असेल तर तिथे वळवा किंवा आखूड ठेवा.

चारच टाकणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. मातीवर पडलेली तार हवेतल्यापेक्षा विद्युतदृष्ट्या लांब होते, त्यामुळे पाव तरंगलांबीच्या चार रेडियलपेक्षा सहा-सात मीटरच्या चार कधीकधी सरस ठरतात. संख्या वाढली की हा त्रास जातो.

पुरायच्या असतील तर कुदळीने चीर पाडून दोन-तीन सेंटिमीटर आत दाबा. गवत असेल तर तारेच्या आकड्यांनी जमिनीला टाचून द्या, एका पावसात गवत तिला पोटात घेतं. शेतात मात्र हे चालत नाही. माझ्या बांधालगतच्या २४ रेडियल एका सकाळी रोटाव्हेटरने गुंडाळून घेतल्या. ट्रॅक्टरवाल्याचा काय दोष, मीच त्याला सांगितलं नव्हतं. आता पेरणीआधी गोळा करतो आणि काढणीनंतर पुन्हा पसरतो. तसंही लो-बँडचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शेत तेव्हा निम्मं रिकामंच असतं.

६. रेडियल वाढवल्या आणि एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे अचूक) १.० चा १.३ झाला. काय चुकलं?

काही चुकलं नाही, उलट अँटेना सुधारला. उत्तम जमिनीवर पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे शक्ती हवेत टाकणारा कामाचा रेझिस्टन्स, सुमारे ३६ ओहम असतो. मीटर ५० दाखवत असेल तर वरचे १४ ओहम मातीने खाल्लेले आहेत. १०० वॅटमधले २८ वॅट गांडुळांना ऊब देतात. रेडियल टाकत गेलात की आकडा ५० वरून ४५, ४० असा उतरतो आणि एसडब्ल्यूआर किंचित चढतो. १.३ ला कुठलीही रिग, म्हणजे रेडिओ संच, बिनतक्रार चालते.

म्हणून नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) घेऊन पायाशी बसा आणि एसडब्ल्यूआर नव्हे, रेझोनन्सवरचा (अँटेना जिथे आपसूक सुरात येतो त्या फ्रिक्वेन्सीवरचा) रेझिस्टन्स वहीत लिहा. दर चार रेडियलनंतर एक नोंद. आकडा उतरायचा थांबला की तुम्हीही थांबा. यापेक्षा सरळ मार्ग मला माहीत नाही.

७. आम्ही सोसायटीत राहतो. गच्चीवर माती कुठून आणू?

नकोच. उंचावलेल्या रेडियल वापरा. गच्चीच्या कठड्यालगत, फरशीपासून दोन-अडीच मीटरवर, समोरासमोर निदान दोन आणि जमल्यास चार रेडियल ताणा. या मात्र पाव तरंगलांबीला कापाव्या लागतात, आणि दर बँडला वेगळ्या. त्या खाली उतरत्या ठेवल्या तर फीडपॉइंट (केबल अँटेनाला जोडते ती जागा) ५० ओहमच्या जवळ येतो. उंचावलेल्या रेडियलला जमिनीशी जोडायचं नसतं.

दोन गोष्टींची काळजी घ्या. रेडियलच्या टोकाला ट्रान्समिट करताना मोठा व्होल्टेज असतो, कपडे वाळत घालायला आलेल्या काकूंचा हात तिथे पोचता कामा नये. आणि फीडपॉइंटलाच चोक (केबलच्या बाहेरच्या अंगाने वाहणारा करंट अडवणारा) हवा: २४० आकाराच्या, ३१ मिक्सच्या फेराइट कड्यावर आरजी-५८ कोएक्सचे १२ ते १४ फेरे. तो नसेल तर लिफ्टच्या शाफ्टशेजारून उतरणारी तुमची केबलच पाचवी रेडियल होऊन बसते आणि चार मजल्यांचा गोंगाट वर आणते.

८. मग चार उंचावलेल्या बऱ्या की जमिनीवरच्या साठ?

४० मीटरवर काळजीपूर्वक केलेल्या तुलनांमध्ये सव्वा मीटर उंचीवरच्या चार नीट कापलेल्या रेडियल जमिनीवरच्या साठेकांच्या अगदी जवळ आल्या आहेत, फरक डेसिबलच्या अंशांचा. पण त्या चारही सारख्या हव्यात. एक तार पत्र्याजवळून गेली की करंट असमान वाटला जातो आणि फायदा ओसरतो. जमिनीवरचा पसारा अशा चुका पोटात घालतो. माणसं आणि गुरं फिरतात तिथे जमिनीवरच्याच टाका.

९. ८० मीटरसाठी २० मीटर उंची शक्य नाही. १० मीटरच्या नळीला पायाशी कॉइल लावली तर?

चालेल, पण हिशेब समजून घ्या. ३.६ मेगाहर्ट्झवर १० मीटरच्या व्हर्टिकलचा रेडिएशन रेझिस्टन्स जेमतेम ६ ओहम. कॉइल चांगली असली तरी ३ ओहम खाते, साध्या रेडियलची जमीन १५. एकूण २४ ओहमपैकी कामाचे ६, म्हणजे १०० वॅटमधले २५ बाहेर पडतात.

आता कॉइल काढा आणि त्याच नळीच्या टोकापासून दहा मीटर तार आडवी ओढा. उलट्या एल अक्षरासारखा हा अँटेना. करंटचा जाड भाग आता उभ्या नळीत पसरतो आणि रेडिएशन रेझिस्टन्स १७ ओहमच्या आसपास जातो. जमीन तीच ठेवली तरी ३२ पैकी १७, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती हवेत. खर्च एका तारेचा आणि समोरच्या झाडापर्यंतच्या एका दोरीचा. आधी वरच्या टोकाला तार, मग जमिनीत रेडियल, आणि तरीही कमी पडलं तरच कॉइल, असा माझा आग्रह आहे.

१०. १६० मीटर घरच्या जागेत होतो का?

होतो. १५ मीटर उभी आणि साधारण २४ मीटर आडवी तार, प्रश्न ९ मधल्यासारखीच. रेडिएशन रेझिस्टन्स १० ओहमच्या घरात येतो, त्यामुळे इथे रेडियलवरचा प्रत्येक रुपया वसूल होतो. जागा मावेल तितक्या लांब, निदान १६ टाका.

जुळवणीची एक जुनी युक्ती सांगतो. तार मुद्दाम लांब, एकूण ४७ मीटरच्या आसपास ठेवा आणि पायाशी मालिकेत व्हेरिएबल कंडेन्सर घाला. लांबीने रेझिस्टन्स ५० कडे चढतो, कंडेन्सर जास्तीचा रिअ‍ॅक्टन्स काढतो. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग (स्टेशन बदलायचा व्हेरिएबल कंडेन्सर), त्याचे दोन्ही भाग समांतर जोडून, ५० वॅटपर्यंत छान काम देतो. भंगारबाजारात तो अजून सापडतो. त्याच्या पाकळ्यांतली धूळ मऊ ब्रशने काढा, नाहीतर ठिणगी पडते.

११. १३ मीटर उंचीचा 'सर्व बँड' व्हर्टिकल, पायाशी अनअन (जुळणीचा ट्रान्सफॉर्मर) आणि शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, जुळणी करणारा ट्यूनर. हे बरं नाही का?

४० आणि त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीच्या काही बँडना बरं आहे. ८० आणि १६० वर नाही. ट्यूनर रिगला खूश ठेवतो, पण त्याच्यापुढच्या कोएक्समध्ये जुळणी तितकीच वाईट राहते आणि तीस मीटर आरजी-५८ शक्तीचा मोठा वाटा गरम होण्यात घालवते. ट्यूनर पायाशी, पाणी न शिरणाऱ्या डब्यात नेला की हीच नळी कामाची होते. रेडियल लागतातच (प्रश्न ५).

१२. आमच्याकडे कातळ आहे. काळ्या मातीवाल्यांचं चांगलं, नाही का?

थोडंफार खरं आहे. ओल धरलेली काळी माती वहनाला चांगली, मुरूम आणि कातळ वाईट, कोकणातला जांभाही फारसा बरा नाही. पण काळी मातीही एप्रिलमध्ये भेगाळते. जमीन जितकी वाईट, तितका रेडियलचा फायदा मोठा, त्यामुळे कातळावर राहणाऱ्यांनी खचून न जाता तारा वाढवाव्यात.

रेडियल फक्त पायाजवळची हानी कमी करतात, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. अगदी कमी कोनात सिग्नल किती निघेल ते काही तरंगलांबी दूरच्या जमिनीवर ठरतं आणि ती आपल्या हातात नाही. समुद्र तिथे बाजी मारतो. साधारण जमिनीची वाहकता मीटरला ०.००५ सीमेन्स धरतात, समुद्राच्या पाण्याची ५. हजारपट! अलिबाग, गुहागर, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेजवळ फायबरची काठी, दहा मीटर तार आणि दोन उंचावलेल्या रेडियल घेऊन एक संध्याकाळ बसा. पश्चिमेला पाणीच पाणी. बॅटरीवरचे १० वॅट तिथून कुठे पोचतात ते एकदा ऐकलं की माणूस किनाऱ्याची वाट विसरत नाही. तलाव आणि धरणाच्या गोड्या पाण्याला हा गुण नाही, बरेचजण तिथे फसतात.

१३. मातीत मीठ टाकलं तर?

अर्थिंगच्या खड्ड्यात ठीक आहे. रेडियलखालच्या एवढ्या पसाऱ्यात त्याचा उपयोग नाही, पावसात वाहून जातं आणि जाताना जमीन नासवून जातं.

१४. काटेरी तारेचं कुंपण, बोअरची केसिंग, गोठ्याचे पत्रे यांना रेडियल म्हणून जोडू का?

तिघांची उत्तरं वेगवेगळी. कुंपण नको. त्याचे गंजलेले सांधे डायोडसारखे वागतात, हार्मोनिक तयार करतात आणि रिसीव्हरमध्ये नको ते सिग्नल आणतात. झटका मशिनचं कुंपण असेल तर त्याच्या जवळही जाऊ नका. केसिंग म्हणजे एक खोल गज, तिचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

पत्र्याचं छप्पर मात्र सोनं आहे. मोठ्या छपराच्या मधोमध व्हर्टिकल उभा केला तर ते रेडियलच्या पूर्ण संचासारखं काम करतं. अट एकच: पत्रे एकमेकांना स्क्रू आणि जाड वेणीने नीट जोडलेले हवेत. गंजलेले जोड असतील तर कुंपणाचीच तक्रार इथे येते.

१५. ट्रान्समिट छान होतं, पण ऐकू काहीच येत नाही, नुसती घरघर. अँटेना खराब आहे का?

अँटेना ठीक आहे, वस्ती गोंगाटाची आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर यांच्या जवळच्या गोंगाटाला व्हर्टिकल चटकन पकडतो. आधी रिग बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. गोंगाट पडला तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी चढवत त्याला शोधा. नाही पडला तर फीडपॉइंटचा चोक तपासा (प्रश्न ७), कारण पुष्कळदा गोंगाट केबलच्या बाहेरच्या अंगाने चढत असतो.

त्यानंतरचा उपाय वेगळ्या रिसीव्ह अँटेनाचा. घरापासून दूर, जमिनीवर चौकोनात टाकलेली पंधरा-वीस मीटर तार आणि तिच्या तोंडाशी छोटा ट्रान्सफॉर्मर. सिग्नल क्षीण येतो, पण गोंगाट त्याहून क्षीण होतो आणि १६० मीटरवर गाडलेला मोर्स वर येतो.

१६. वळवाच्या विजांचं काय करायचं?

मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ढग जमायच्या आधी केबल काढून घराबाहेर ठेवा. खिडकीच्या आत लोंबकळत ठेवलेली केबल काढलेली धरायची नाही. केबल घरात शिरते तिथे गॅस डिस्चार्ज ट्यूबचा संरक्षक लावा, त्याचा अर्थ, खांबाचा अर्थ आणि घराचा मुख्य अर्थ जाड तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडा. वेगवेगळे ठेवलेत तर वीज पडल्यावर त्यांच्यामधला फरक तुमच्या रिगमधून वाट काढतो. थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काहीही पुरेसं नाही, म्हणून केबल काढण्याची सवय हवीच.

आणि विजेच्या तारांबद्दल हात जोडून सांगतो: तुमचा खांब किंवा कळक ज्या दिशेला पडू शकतो, त्या दिशेला उंचीच्या दीडपट अंतरात कुठलीही विजेची लाइन नसावी, ११ केव्हीची असो वा घराची. उभारताना दोघे-तिघे हवेत आणि त्यातल्या एकाने फक्त वर बघत राहायचं. अंतर बसत नसेल तर त्या जागी अँटेना लावू नका.

१७. दर पावसाळ्यात रेझोनन्स खाली सरकतो आणि आकडे नाचतात. हे असंच चालायचं का?

थोडं चालायचंच. माती भिजली की जमिनीचा रेझिस्टन्स बदलतो, ओली पानं आणि ओला कळक तारेला किंचित लांब करतात. कोरडं ऊन पडल्यावर आकडे जागेवर आले तर काही करू नका.

जागेवर आले नाहीत तर डबा उघडा. कोएक्सच्या जाळीत केशनलिकेसारखं पाणी चढलेलं असतं, तांबं काळं पडलेलं दिसतं. तेवढी केबल कापूनच टाका, वाळवून उपयोग नाही. डब्याचं छिद्र खालच्या बाजूला ठेवा, केबलला आत शिरण्याआधी खाली एक झोल द्या. अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तांब्याची तार थेट जोडू नका, मध्ये स्टेनलेसचा वॉशर हवा, कोकणात तर हवाच. एकदा माझ्या डब्यात मुंग्यांनी अंड्यांसकट संसार थाटला होता आणि ३८ ओहमचे ७० झाले होते. तेव्हापासून ग्लँडभोवती सिलिकॉन लावतो आणि श्रावणात एकदा झाकण उघडून बघतो.

१८. माझा ४० मीटर बँडचा व्हर्टिकल १५ मीटर बँडवरही ट्यून होतो. हे बरोबर आहे?

हो. ७ मेगाहर्ट्झची तिप्पट २१, तिथे तीच नळी पाऊण तरंगलांबीची होते आणि फीडपॉइंट पुन्हा जुळतो. शक्ती मात्र बरीचशी उंच कोनात जाते, त्यामुळे दूरच्या कामाला तो दुय्यम. जमिनीवरच्या रेडियल दोन्ही बँडना त्याच चालतात.